एका महिन्याच्या तीन विक्री: घाऊक पेढीच्या मासिक अहवालाचा ताळा

जूनमध्ये विक्री किती झाली, या साध्या प्रश्नाला एकाच पेढीत तीन उत्तरे मिळत होती. नव्याने बनवलेला मासिक अहवाल सांगत होता ४,५६,००,००० रुपये. बिलिंग सॉफ्टवेअर दाखवत होते ३,८४,२०,०००. हिशेबनीसांच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आकडा होता ३,५१,२७,४००. बेरजेची चूक कुठेच नव्हती. अहवाल आणि टॅली यांच्यातली तफावत १,०४,७२,६०० रुपयांची होती आणि ती रुपयान् रुपया उलगडता येण्याजोगी होती. अहवाल मालकांच्या टेबलावर जाण्याआधी ते काम कोणी केलेले नव्हते, एवढेच.

या प्रकरणातली पेढी आणि तिच्या रकमा नमुन्याच्या आहेत. घोळ मात्र तेच आहेत, जे दोन-तीन ठिकाणचा डेटा एकत्र करणाऱ्या बहुतेक व्यापारी कचेऱ्यांत निघतात.

काय, कुठे आणि कशात

पेढी पीव्हीसी पाइप, ठिबक संच आणि मोटरपंपांची घाऊक विक्री करते. मुख्य कचेरी सांगलीत, डेपो सोलापूर, फोंडा आणि बेळगाव इथे. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक अशा तीन राज्यांत व्यवहार, म्हणून जीएसटीच्या नोंदण्याही तीन.

बिले आणि गोदामातला साठा एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असतो. त्याच्या पोटात एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आहे. हिशेब टॅलीत. बिलिंगमधली बिले रोज संध्याकाळी एक्सएमएल फाइलने टॅलीत चढवली जातात. दुकानदारांना आणि मोठ्या बागायतदारांना मोबाइलवरून मागणी नोंदवता यावी म्हणून दोन वर्षांपूर्वी अॅप घेतले. त्याचा डेटा भाड्याच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहे.

मालकांना एक पान हवे होते: ग्राहकनिहाय महिन्याची विक्री, येणे बाकी आणि न पुरवलेल्या मागण्या. मागणी रास्त होती. ज्याच्याकडे तीन महिन्यांची बाकी थकली आहे, त्याचीच मोठी मागणी अॅपवर पडून असेल, तर माल सोडायचा की नाही हे त्या एका ओळीत दिसायला हवे. तीन पडदे उघडून ते दिसत नाही.

पहिला अहवाल एक्सेलमध्ये झाला. तिन्हींकडून याद्या काढल्या, ग्राहकाच्या नावावरून व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद आणणारे सूत्र) लावले आणि बेरजा केल्या. अॅपची ७१,८०,००० रुपयांची मागणी बिलिंगच्या ३,८४,२०,००० मध्ये मिळवली गेली. अॅपवर आलेल्या मागणीचेही शेवटी बिलच होते, ही गोष्ट त्या बेरजेत हरवली. शिवाय बिलिंगचा आकडा करपात्र मूल्याचा, अॅपचा जीएसटीसकट. आंबे आणि करंडे एकत्र मोजल्यासारखे.

एका आकड्याचा एकच धनी

दुरुस्ती सॉफ्टवेअरपासून सुरू करण्यात अर्थ नव्हता. आधी कागदावर तीन वाक्ये लिहिली गेली आणि त्यांवर मालक, हिशेबनीस आणि गोदामप्रमुख यांनी सह्या केल्या.

विक्री म्हणजे जूनच्या तारखेच्या बिलांचे करपात्र मूल्य, वजा जूनच्या तारखेच्या क्रेडिट नोटा (दिलेल्या बिलाची रक्कम कमी करणारे कागद). हा आकडा फक्त बिलिंगमधून येईल. येणे बाकी म्हणजे महिनाअखेरची खात्यावरची शिल्लक. ती फक्त टॅलीतून येईल. शिल्लक मागणी म्हणजे रद्द न झालेला आणि बिलात न उतरलेला माल. तो फक्त अॅपमधून येईल.

प्रत्येक आकड्याला एक धनी. तोच आकडा दुसरीकडेही सापडत असेल तर तो पडताळणीसाठी वापरायचा, बेरजेत घ्यायचा नाही. हे वाक्य साधे दिसते, पण यावर अर्धा दिवस गेला. बाकी बिलिंगमधूनही निघते, मग ती का नको? कारण बिलिंगमध्ये वसुलीची नोंद फक्त सांगलीची होते. बेळगावचे धनादेश थेट टॅलीत पडतात. विक्री टॅलीतून का नको? कारण टॅलीत वस्तूनिहाय तपशील चढत नाही, फक्त बिलाची एकूण रक्कम चढते. धनी निवडताना कोणते सॉफ्टवेअर चांगले हे पाहायचे नसते. ती नोंद पहिल्यांदा कुठे जन्माला येते आणि पूर्ण कुठे असते, हे पाहायचे.

त्याच कागदावर आणखी एक रकाना होता: एक ओळ म्हणजे काय. बिलिंगच्या तपशील-तक्त्यात एक ओळ म्हणजे बिलातली एक वस्तू. टॅलीत एक ओळ म्हणजे एका व्हाउचरमधली (हिशेबाच्या एका नोंदीतली) एका खात्याची नावे (डेबिट) किंवा जमा (क्रेडिट) रक्कम. अॅपमध्ये एक ओळ म्हणजे मागणीतली एक वस्तू, आणि ती मागणी दोन डेपोंतून दोन बिलांनी भागवली गेलेली असू शकते. तिन्हींच्या ओळी एकमेकींना थेट लावल्या की आकडे फुगतात. कसे, ते पुढे येईल.

श्री गणेश ट्रेडर्स किती?

सगळ्यात जास्त वेळ ग्राहकाची ओळख पटवण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. बिलिंगमध्ये ग्राहकाला सांकेतिक क्रमांक आहे, टॅलीत खात्याचे नाव हीच ओळख आहे आणि अॅपमध्ये मोबाइल नंबर. टॅलीत येणेकऱ्यांची १,०८३ खाती होती, बिलिंगमध्ये १,१४६ ग्राहक.

पहिली फेरी जीएसटीआयएनवर, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकावर. हा क्रमांक १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०), पुढची दहा अक्षरे पॅन, तेरावे अक्षर त्याच पॅनवरची त्या राज्यातली कितवी नोंदणी ते, चौदावे सहसा इंग्रजी झेड आणि पंधरावे तपासणी-अक्षर. ही रचना माहीत असली की निम्मी साफसफाई आपोआप होते. तिसऱ्या ते सातव्या जागी फक्त अक्षरे येतात आणि आठव्या ते अकराव्या जागी फक्त अंक. म्हणून आठव्या जागी कोणी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप केला असेल, तर तो बेधडक शून्य करता येतो. लांबी १५ नसेल, मधे मोकळी जागा असेल किंवा तपासणी-अक्षर जुळत नसेल, तर ती नोंद बाजूला काढायची. या फेरीत ७०२ खाती जुळली.

इथेच एक धोरणाचा प्रश्न आला. निपाणी आणि कोल्हापूर अशा दोन्हीकडे दुकान असलेल्या ग्राहकाचे जीएसटीआयएन दोन, पण पॅन एकच. तो एक ग्राहक की दोन? बिलासाठी दोन, उधारीच्या मर्यादेसाठी एक. म्हणून ओळखसूचीत दोन पातळ्या ठेवल्या: खाली जीएसटीआयएन, वर पॅन. उलट प्रकारही असतो. वडील गेल्यावर मुलाने दुकान स्वतःच्या नावावर चालवायला घेतले, की पॅन बदलतो आणि जीएसटीआयएनही बदलतो. दुकान तेच, पाटी तीच, पण येणे बाकीसाठी जबाबदार माणूस वेगळा. सूचीत ‘या तारखेपासून’ आणि ‘या तारखेपर्यंत’ हे दोन रकाने नसतील, तर जुनी बाकी नव्या माणसाच्या नावावर चढते.

दुसरी फेरी मोबाइल नंबरवर: शेवटचे दहा अंक घेऊन, पुढचे शून्य किंवा ९१ गाळून. यात २१४ खाती लागली. एकाच नंबरावर तीन दुकाने दिसली तर तो नंबर बहुधा पेढीच्याच विक्री प्रतिनिधीचा असतो. असे नंबर आधीच वगळले.

उरलेली १६७ हाताने. नाव आणि गाव यांवरून अंदाजे जुळणी करणारी सोय पॉवर क्वेरीत (एक्सेलमधल्या डेटा आणण्या-जोडण्याच्या साधनात) आहे. तिचा साम्याचा उंबरठा मुळात ०.८० असतो, आणि त्यावर ‘श्री गणेश ट्रेडर्स, मिरज’ आणि ‘श्री गणेश ट्रेडर्स, मालगाव’ ही जोडी सहज एक ठरते. यंत्राने जोड्या सुचवाव्यात, मान्य माणसाने कराव्यात. वसुलीला फिरणारा माणूस शेजारी बसवला की हे काम वेगाने होते. त्याला गल्ल्या ठाऊक असतात. १६७ पैकी १३९ लागली. २८ खाती कोणालाच ओळखता आली नाहीत. ती ‘अनोळखी’ म्हणून वेगळी ठेवली आणि अहवालात त्याच नावाने दाखवली. जबरदस्तीने कुणाला तरी चिकटवली असती, तर अहवाल नीटस दिसला असता आणि खोटा ठरला असता.

नावे देवनागरीत असतील तर आणखी एक पदर निघतो, आणि त्याबद्दल फारसे कुठे लिहिलेले सापडत नाही. ‘कऱ्हाड’ हा शब्द तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा ‘झीरो विड्थ जॉइनर’ वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी साठवण एकसारखी करणाऱ्या नियमाने) एक होतात. तिसरा होत नाही, त्यासाठी स्वतंत्र बदली-नियम लिहावा लागतो. आणि वर ‘कराड’ असे लिहिणारेही आहेतच. म्हणून गावासाठी नावाऐवजी पिनकोड घेतला.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावाचा रकाना ‘व्हारचार’ या मजकूर-प्रकारचा आणि सर्व्हरची अक्षरमांडणी (कोलेशन) लॅटिन असेल, तर देवनागरी नाव साठवतानाच प्रश्नचिन्हांत बदलते. ते परत मिळवता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे तितकीच चिन्हे असलेली दोन वेगळी नावे सारख्याच प्रश्नचिन्हांची होतात आणि जुळणीत एकमेकांना लागतात. रकाना ‘एनव्हारचार’ हवा, आणि मजकूर घालताना अवतरणाआधी इंग्रजी एन हे अक्षर हवे.

तयार झालेली ओळखसूची हा साधा तक्ता आहे: पेढीचा स्वतःचा ग्राहक क्रमांक, स्रोत, स्रोतातली ओळख, कधीपासून, कधीपर्यंत, जुळणी कशावरून, कोणी केली. ‘स्रोत अधिक स्रोतातली ओळख’ एका वेळी एकदाच येईल असे बंधन डेटाबेसमध्येच घातले. ते नसेल तर एक खाते दोन ग्राहकांना लागते आणि त्याची बाकी दोनदा मोजली जाते.

बिल क्रमांक आणि तारखा

जीएसटी नियमांप्रमाणे बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. वर्ष बदलले की १ एप्रिलला तो पुन्हा १ पासून सुरू होऊ शकतो, आणि फोंडा व बेळगाव यांच्या मालिकाही स्वतंत्र. त्यामुळे नुसत्या बिल क्रमांकावर जुळणी केली की गेल्या वर्षीचे फोंड्याचे बिल यंदाच्या सांगलीच्या पावतीला लागते. किल्ली तिघांची मिळून हवी: विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, बिल क्रमांक.

एक्सेलमधून डेटा फिरवला असेल तर इथे आणखी पडझड झालेली असते. ००१४२ चे १४२ होते. पंपाच्या मॉडेल क्रमांकात दोन अंकांमधे इंग्रजी ई असेल, तर एक्सेल त्याला घातांकाची संख्या समजते. १५ हून जास्त अंकी संख्येचे पुढचे अंक शून्य होतात. आणि जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढच्या ओळी मावतच नाहीत. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांच्या फाइली एकत्र करताना हाच प्रकार घडला आणि कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजणीत आले नाहीत. मर्यादा संपली हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण उरलेल्या ओळी व्यवस्थित दिसत असतात.

तारखांचा घोळ दोन प्रकारचा. ०३/०६ ही ३ जून की ६ मार्च, हे संगणकाच्या प्रांत-मांडणीवर ठरते. १२ पर्यंतच्या तारखा गुपचूप उलटतात आणि १३ पासूनच्या नुसता मजकूर म्हणून राहतात. तारखेच्या रकान्यात काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे सरकलेल्या दिसल्या, तर हेच झालेले असते. उपाय म्हणजे डेटाबेसमधून तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने काढायची.

दुसरा घोळ अॅपचा. त्याचा सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ जुलैला पहाटे ५ वाजता नोंदवलेली मागणी तिथे ३० जूनची ठरते. शहरी ग्राहकांत हा फरक नगण्य असतो. इथे नव्हता, कारण रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणारे शेतकरी पहाटेच मागणी नोंदवतात. मायएसक्यूएलमध्ये वेळ बदलणारे ‘कन्व्हर्ट-टीझेड’ हे फंक्शन आहे, पण कालपट्ट्यांचे तक्ते भरलेले नसतील तर ‘एशिया/कोलकाता’ दिल्यावर ते निमूटपणे नल (रिकामे मूल्य) परत करते आणि त्या ओळी महिन्याच्या गाळणीतून गळून पडतात. भारतात घड्याळे उन्हाळ्या-हिवाळ्यात मागेपुढे होत नाहीत, म्हणून सरळ ‘+०५:३०’ लिहिणे पुरेसे आणि सुरक्षित.

जोड लावताना बाकी कशी फुगली

पहिल्या अहवालात एका ग्राहकाची बाकी २,७०,००० दिसत होती. खरी होती ३०,०००. बिल एकच, १,२०,००० रुपयांचे. त्यावर तीन पावत्या: ३०,०००, ४०,००० आणि २०,०००. बिलाचा तक्ता पावत्यांच्या तक्त्याला लावला की त्या बिलाच्या तीन ओळी होतात. बिलाची बेरीज ३,६०,००० होते, पावत्यांची ९०,००० च राहते. बिलात चार वस्तू असतील आणि तो तपशीलही त्याच वेळी जोडला, तर बारा ओळी होतात आणि मग पावत्याही चौपट.

अशा वेळी ‘डिस्टिंक्ट’ (एकसारख्या ओळी एकच करणारा शब्द) लावून चालत नाही. त्याने खरोखर सारख्या रकमेच्या दोन पावत्याही एक होतात. क्रम बदलायचा: आधी प्रत्येक स्रोताची ग्राहक आणि महिना या पातळीवर बेरीज करायची, म्हणजे प्रत्येकाकडून दर ग्राहकाची एकच ओळ निघेल, आणि मगच त्या ओळी एकमेकींना जोडायच्या.

पाया कोणता घ्यायचा, यातही चूक झाली होती. विक्रीच्या यादीला बाकी ‘लेफ्ट जॉइन’ केली होती, म्हणजे विक्रीच्या यादीतलेच ग्राहक ठेवून त्यांना बाकी जोडली होती. ज्यांनी जूनमध्ये काहीच घेतले नाही ते विक्रीच्या यादीत नसतात, म्हणून त्यांची बाकीही अहवालातून गेली. असे ९४ ग्राहक होते आणि त्यांच्याकडे ३८,७०,००० रुपये येणे होते. माल नेणे थांबवलेला आणि पैसे न दिलेला ग्राहक, म्हणजे ज्याच्यासाठी हे पान हवे होते, तोच नेमका पानावर नव्हता. पाया ओळखसूचीचा हवा: सगळे ग्राहक, आणि त्यांना तिन्हीकडच्या बेरजा लावलेल्या, जिथे काही नाही तिथे शून्य.

न जुळलेल्यांची यादीही सुरुवातीला रिकामी येत होती आणि सगळे आलबेल वाटत होते. ती ‘नॉट इन’ (दुसऱ्या यादीत नसलेले) वापरून काढली होती. आतल्या यादीत एक जरी नल असेल तर ‘नॉट इन’ एकही ओळ देत नाही, हा एसक्यूएलचा (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेचा) नियमच आहे. ‘नॉट एक्झिस्ट्स’ लावल्यावर ५३ नोंदी बाहेर आल्या. रिकाम्या त्रुटी-यादीवर विश्वास ठेवण्याआधी तीत मुद्दाम एक चुकीची नोंद घालून ती सापडते का, हे पाहावे.

डेटा आणण्याची वाट

तीन पर्याय होते. एसक्यूएल सर्व्हरमधून ‘लिंक्ड सर्व्हर’ करून मायएसक्यूएल थेट वाचणे: अधूनमधून पाहायला ठीक, पण दोन्हीकडचे तक्ते एकाच वाक्यात जोडले की बऱ्याचदा पलीकडचा अख्खा तक्ता तारेवरून ओढला जातो. ‘ओपनक्वेरी’ने गाळणी पलीकडेच करून घेता येते, तरी इंटरनेट बंद असले की अहवालही बंद. दुसरा, सगळे पॉवर क्वेरीत जोडणे. वेगवेगळ्या स्रोतांची जोडणी तिथे त्या संगणकाच्या स्मृतीत होते, आणि इंग्रजी मोठी-लहान अक्षरे ती वेगळी मानते, जी एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या मांडणीत एकच मानतो. एकच यादी दोन ठिकाणी वेगळी जुळते ती यामुळे.

निवडला तो तिसरा: अहवालासाठी स्वतंत्र डेटाबेस, ज्यात रात्री तिन्हीकडचा डेटा आहे तसा उतरवायचा आणि मग शुद्ध करायचा. तीन स्रोत, काही हजार बिले, एवढ्यासाठी महागडे साधन लागत नाही. पेढीत एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती होती. तीत वेळापत्रकाने काम चालवणारा ‘एजंट’ नसतो, म्हणून विंडोजचा टास्क शेड्युलर वापरला.

बिलिंगमधून वाचताना फक्त-वाचन अधिकाराचे खाते वापरले आणि ‘नोलॉक’ (चालू व्यवहार संपायची वाट न पाहता वाचण्याचा पर्याय) टाळले. त्याने रांग लागत नाही हे खरे, पण अर्धवट व्यवहार वाचले जातात आणि एखादी ओळ दोनदा येते किंवा सुटते. मायएसक्यूएलचा डेटा ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्याय देऊन काढला, म्हणजे सगळे तक्ते एकाच क्षणाचे मिळतात. तुलना करण्याआधी मजकुराच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटल्या. एसक्यूएल सर्व्हर तुलनेत त्या सोडून देतो, मायएसक्यूएल ८.० ची नेहमीची मांडणी सोडत नाही.

टॅली हा निराळाच जीव आहे. तिला सर्व्हर म्हणून चालू ठेवले की ९००० या पोर्टवर ती एक्सएमएल विनंत्या घेते. उत्तरात नावे (डेबिट) रक्कम उणे आणि जमा (क्रेडिट) रक्कम अधिक चिन्हाने येते. हे ठाऊक नसेल तर येणे आणि देणे उलटे होते. प्रत्येक व्हाउचरला ‘ऑल्टर आयडी’ असतो आणि बदल झाला की तो वाढतो, म्हणून रोज फक्त नवे आणि बदललेले आणता येते. पण कोणी व्हाउचर पुसून टाकले तर ते या वाटेने कळत नाही; ते अहवालाच्या डेटाबेसमध्ये जिवंतच राहते. यासाठी दर रविवारी मागचे ६० दिवस पूर्ण पुसून नव्याने आणायचे ठरले. पावत्या ‘ऑन अकाउंट’, म्हणजे बिल न नोंदवता नुसत्या खात्यावर, टाकायची सवय असल्याने कोणत्या बिलाचे पैसे आले हे टॅली सांगू शकत नव्हती. म्हणून अहवालात एकूण बाकी दिली, तिचे वय, म्हणजे ती किती दिवसांची आहे, ते दिले नाही.

ताळा

आता तो एक कोटी पाच लाखांच्या आसपासचा फरक ओळीओळीने उतरवता आला.

अहवालातली विक्री: ४,५६,००,०००
वजा, बेरजेत चुकून मिळवलेली अॅपवरची मागणी: ७१,८०,०००
बिलिंगचा आकडा: ३,८४,२०,०००
वजा, खरोखर रद्द झालेली बिले: ३,४०,०००
वजा, परराज्यातल्या स्वतःच्या डेपोंना पाठवलेला माल: २१,६०,०००
वजा, क्रेडिट नोटा: ७,०५,०००
निव्वळ विक्री: ३,५२,१५,०००

डेपोंच्या ओळीकडे दोनदा पाहायला हवे. एकाच पेढीच्या दोन राज्यांतल्या नोंदण्या जीएसटीत वेगळ्या व्यक्ती मानल्या जातात, म्हणून सांगलीहून फोंड्याला किंवा बेळगावला माल पाठवतानाही कर लावून बिल करावे लागते. सोलापूरला तीच नोंदणी असल्याने डिलिव्हरी चलन (माल पाठवल्याचा कागद) पुरते. बिलिंगला हे बिल विक्रीच वाटते, आणि तोच माल पुढे बेळगावहून विकला गेला की त्याची दुसऱ्यांदा विक्री होते. ओळखायची खूण सोपी: खरेदीदाराच्या जीएसटीआयएनमधला पॅन पेढीचाच असेल, तर ती विक्री नव्हे.

रद्द बिलांचाही एक काटा होता. बिलिंगमध्ये ‘रद्द’ खूण असलेली बिले ४,१०,००० ची होती. पण ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (सरकारी पोर्टलवर बिल नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक) पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतो; नंतर क्रेडिट नोटच द्यावी लागते. ७०,००० चे एक बिल दोन दिवसांनी रद्द केलेले होते: बिलिंगमध्ये खूणही होती आणि क्रेडिट नोटही निघाली होती. दोन्ही वजा केले असते तर ७०,००० दोनदा गेले असते. ज्याचा आयआरएन जिवंत ते बिल जिवंत, असा नियम केला, म्हणून वर रद्द बिले ३,४०,००० च.

निव्वळ विक्री ३,५२,१५,००० आणि टॅली ३,५१,२७,४०० यांत ८७,६०० चा फरक उरला. १,१२,५०० ची दोन बिले टॅलीत चढलीच नव्हती, कारण खात्याच्या नावात टॅलीत स्वल्पविराम होता आणि बिलिंगमध्ये नव्हता. टॅलीत फाइल चढवताना तयार होणाऱ्या लॉगमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) तशी चूक लिहिलेली होती. लॉग उघडण्याचे काम कोणाकडे नेमलेले नव्हते. उलट बाजूने २४,९०० ची भंगार विक्री टॅलीत थेट टाकली होती, बिलिंगला तिचा पत्ताच नव्हता. १,१२,५०० वजा २४,९०० म्हणजे ८७,६००. हे दोन आकडे शोधले नसते आणि ‘फरक पाव टक्क्याचा आहे, चालेल’ म्हटले असते, तर विरुद्ध दिशेच्या दोन चुका एकमेकींच्या आड लपून राहिल्या असत्या.

तिसरा साक्षीदार जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटी पोर्टलवर भरायचे विक्रीचे विवरण. तिन्ही नोंदण्यांचे मिळून त्यात डेपोंचा माल धरून, क्रेडिट नोटा वजा जाता आणि भंगार मिळवून ३,७३,९९,९०० यायला हवे होते, आणि आले. पोर्टलचा आकडा पेढीतल्या कोणत्याही सॉफ्टवेअरच्या हातात नसतो, म्हणून त्याचे मोल वेगळे.

अॅपचा ताळा मोजणीवर लावला. जूनच्या मागण्या ४१२; रद्द २९; बिलाशी लागलेल्या ३६१; उरल्या २२. त्यातल्या १४ खरोखर पुरवायच्या राहिल्या होत्या. आठांचे बिल झाले होते, पण बिलाच्या ‘संदर्भ’ रकान्यात मागणी क्रमांकाऐवजी ‘फोनवर’ किंवा चालकाचे नाव लिहिले होते. तो रकाना आता यादीतून निवडायचा केला आहे. हाताने टाइप होत नाही.

हे सगळे ताळे अहवालाच्या पहिल्या पानावर, विक्रीच्या आकड्याच्याही वर छापले जातात. न उलगडलेला फरक ५,००० च्या वर गेला की पुढची पाने तयारच होत नाहीत; हिशेबनीसांना फरकाची यादी जाते. महिन्याचा जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणून ताळा ८ तारखेला लावायचा, म्हणजे चुकलेले बिल विवरणात जाण्याआधी सापडते. ११ नंतर त्या महिन्याची प्रत गोठवली जाते. त्यानंतर कोणी टॅलीत जूनच्या तारखेने नोंद टाकली, तर जूनचा छापील आकडा हलत नाही. ती रक्कम जुलैच्या अहवालात ‘मागील महिन्याची दुरुस्ती’ या स्वतंत्र ओळीत, व्हाउचर क्रमांकासह येते.